फिरतीची नोकरी आणि अमेरिकेतील घर

एखाद्या घरातील मुलीचे लग्न अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाशी ठरले, की घरच्यांच्या मनात एक हिशेब पक्का बसतो. लग्न झाले, कागद गेले, ग्रीन कार्ड आले, की काम संपले. मुलगी तिकडे जाऊन एका जागी राहणार असेल तर हा हिशेब फारसा चुकत नाही. परंतु आजची मुलगी (किंवा मुलगा, कायद्याला दोघेही सारखेच) कंपनीच्या कामासाठी सिंगापूर, दुबई, लंडन अशी सारखी फिरतीवर असते. तिचे खरे काम कार्ड हाती पडल्यावर सुरू होते. ते कोणते, हे आज मला सांगावयाचे आहे. निरनिराळ्या देशांचे नियम निराळे आहेत. मी येथे केवळ अमेरिकेचा विचार करणार आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ च्या डिसेंबरात अमेरिकेने परदेशात लग्न केलेल्या सैनिकांच्या बायकांसाठी प्रवेशाचा दरवाजा उघडला. त्या दरवाजातून काही खोटी लग्नेही आत शिरली. असे एक प्रकरण १९५३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि आरोपींची शिक्षा कायम झाली. तेव्हापासून लग्नाच्या आधारे येणाऱ्या माणसाकडे तेथील सरकार किंचित संशयाने पाहते. या संशयाचे पक्के कायद्यात रूपांतर झाले ते १९८६ साली. कायम रहिवासी म्हणून प्रवेश मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे आणि सशर्त मिळते. दोन वर्षे पुरी झालेली असतील तर दहा वर्षांचे मिळते. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घेऊन निघणाऱ्या जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षे पुरी व्हायला महिनाभरच उरला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर विमानाचे तिकीट महिनाभर पुढे ढकलण्यात पुढचा केवढा तरी व्याप वाचतो! आपल्याकडे मुहूर्त लग्नाचा पाहतात. येथे तो प्रस्थानाचा पाहावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या कायद्यात दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिली कसोटी अशी : हे लग्न खरे आहे काय? दुसरी अशी : या माणसाचे घर खरोखरच अमेरिकेत आहे काय?

फिरतीवरच्या माणसाला भीती वाटते ती पहिलीची. “आम्ही वर्षातले निम्मे दिवस एकत्र नसतो, मग आमच्या लग्नावर विश्वास कोण ठेवील?” असे तो विचारतो. ही भीती बरीचशी अनाठायी आहे. १९७५ साली बार्क नावाच्या खटल्यात तेथील वरिष्ठ न्यायालयाने स्पष्ट केले, की लग्न करताना एकत्र संसार करण्याचा हेतू होता की नाही एवढेच पाहावयाचे. नवरा-बायको नोकरी, शिक्षण, आजारपण अशा अनेक कारणांनी दूर राहतात. केवळ त्यावरून लग्न खोटे ठरत नाही. परदेशातून आलेल्या माणसाचे लग्न तेथील नागरिकांच्या लग्नापेक्षा अधिक आदर्श असले पाहिजे, असा आग्रह धरता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. मला हे वाक्य मोठे शहाणपणाचे वाटते. अर्थात हेतू दाखवायचा तर कागद हवेत. दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र बँकखाते, एकत्र भरलेला प्राप्तिकर, विम्यात एकमेकांची नावे, हे सारे पहिल्या दिवसापासून साठवावे. दोन वर्षांनंतर घाईघाईने गोळा केलेले कागद नुसत्या तारखांवरूनच ओळखू येतात.

खरा धोका दुसऱ्या कसोटीत आहे, आणि तिच्याविषयी आपल्या लोकांत एक समज घट्ट रुजलेला आहे : सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत पाय लावून आले की कार्ड शाबूत! हा समज अनेकांना गोत्यात आणतो. कायद्याचे म्हणणे निराळे आहे. कायम रहिवासी बाहेर गेला तर ते जाणे तात्पुरते असले पाहिजे. कामाला ठरावीक हेतू हवा, शेवट हवा आणि परत येण्याचे ठिकाण अमेरिकेतील घर हवे. वर्षातील दहा महिने दुबईत काढून मधूनमधून आठवडाभर न्यू जर्सीला जाणारा माणस कोणत्याच खेपेला सहा महिने बाहेर नसतो, तरीही त्याने अमेरिकेतील वास्तव्य सोडले असे ठरू शकते. उलट १८० दिवसांहून अधिक काळ सलग बाहेर राहिले, तर सीमेवर त्याला नव्याने प्रवेश मागणाऱ्याप्रमाणे तपासता येते. वर्ष उलटले तर परत येण्यासाठी नुसते कार्ड चालत नाही.

या नियमाला एक गमतीदार अपवाद आहे. घर मेक्सिकोत किंवा कॅनडात आणि रोजची वा हंगामी मजुरी अमेरिकेत, अशा लोकांना कायम रहिवासी मानता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला. परंतु तो शेजारच्या देशांपुरता. पुण्याहून तीन महिन्यांनी विमानाने येणाऱ्या अभियंत्याला त्याचा उपयोग नाही.

लांबच्या कामावर जावयाचे असेल तर पुनःप्रवेशाचा परवाना काढून ठेवावा. तो एरवी दोन वर्षांपर्यंत मिळतो, पण अर्ज करताना स्वतः अमेरिकेत हजर असावे लागते. विमानात बसल्यावर सुचून उपयोग नाही. आणि सशर्त कार्ड असणाऱ्याच्या बाबतीत हा परवाना अट काढून घेण्याच्या तारखेपलीकडे जात नाही.

ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. समजा, नाशिकची एक मुलगी १ जून २०२५ रोजी सशर्त कार्डावर अमेरिकेत दाखल झाली. तिचे कार्ड १ जून २०२७ ला संपणार. त्याआधीच्या ९० दिवसांत, म्हणजे ३ मार्चपासून, नवरा-बायकोने मिळून अट काढण्याचा अर्ज केला पाहिजे. ती त्या वेळी जाकार्ताला कामात गढलेली असली तरी अर्ज थांबत नाही, आणि बोटांच्या ठशांसाठी वा मुलाखतीसाठी बोलावले तर परत यावे लागते. अर्ज चुकला तर कायम वास्तव्याचा हक्कच संपतो. अर्ज पोचल्याच्या पावतीने मात्र कार्डाची मुदत वाढते. २०२३ च्या जानेवारीत ही वाढ ४८ महिन्यांची करण्यात आली. ती पावती पासपोर्टाइतकीच जपून प्रवासात जवळ ठेवावी. दुर्दैवाने घटस्फोट झाला, जोडीदार मरण पावला किंवा घरात छळ होत असला, तर एकटीलाही अर्ज करता येतो. आपल्या मुली हे ठाऊक नसल्यामुळे मुकाट्याने सोसत राहू नयेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दोन गोष्टी ओघाने सांगून टाकतो. कर वाचविण्यासाठी स्वतःला अनिवासी म्हणवून विवरणपत्र भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये; आपणच आपल्या सहीने घर सोडल्याची कबुली दिल्यासारखे होते. दुसरे असे, की विमानतळावर अधिकाऱ्याने वास्तव्याचा हक्क सोडून देण्याचा कागद पुढे केला, तर त्यावर सही करण्याची सक्ती नसते. न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. रात्रभराच्या प्रवासाने थकलेला माणूस सही करून मोकळा होतो आणि मग आयुष्यभर हळहळतो.

राहिला नागरिकत्वाचा प्रश्न. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्याला पाचाऐवजी तीन वर्षांत अर्ज करता येतो. मात्र ती तीन वर्षे जोडीदाराबरोबर संसार चालू असला पाहिजे आणि निम्मा काळ, म्हणजे १८ महिने अथवा ५४८ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत गेला पाहिजे. नोकरीच्या अपरिहार्य गरजेमुळे दूर राहावे लागले तर संसार मोडला असे धरीत नाहीत. दिवस मात्र मोजले जातात. आपल्या नाशिकच्या मुलीच्या तीन वर्षांत १०९६ दिवस येतात. ती महिन्याला १२ पूर्ण दिवस बाहेर असली तर ६६४ दिवस उरतात आणि ती सुखरूप पार पडते. १६ दिवस बाहेर असली तर ५२० उरतात आणि अर्ज लांबणीवर पडतो. एकच खेप सहा महिन्यांहून लांबली, तर सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात आणि तसे नाही हे तिला सिद्ध करावे लागते. वर्ष झाले तर ते तुटतेच. पुनःप्रवेशाच्या परवान्याने ही तूट भरून येत नाही.

निघण्याचा आणि परतण्याचा दिवस अमेरिकेतच धरतात, ही त्यातल्या त्यात सवलत. परंतु अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारीत नाहीत आणि नागरिकत्वाच्या अर्जात २४ तासांहून मोठी प्रत्येक खेप लिहावी लागते. म्हणून एक साधी वही करावी : निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, गाव, कोणाच्या कामासाठी. विमानाचे तिकीट आणि कंपनीचे पत्र त्याच पानाला टाचून ठेवावे.