रोजनाम्यातून घडलेली लेखिका

सप्टेंबर १९०६ मध्ये मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. शिक्षिका होण्यासाठी मारिया ग्रे कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. कॉलेज, अभ्यास, भेटीगाठी यांतून वेळ काढून त्या रोजची हकिगत उर्दूत लिहीत आणि ती टपालाने बहीण जोहरा यांच्याकडे पाठवत.

ही सवय माहेरची. त्यांच्या तय्यबजी आप्तांमध्ये घरोघरी ‘अखबार की किताब’ नावाची वही असे. घरातल्या कोणीही तिच्यात दिवसाची बातमी लिहावी. लंडनमध्ये त्या वहीची जागा पत्रांनी घेतली, एवढेच.

जोहरांनी ती हकिगत नीट करून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आणली. पडद्यात राहणाऱ्या वाचक भगिनींना एका मुस्लिम तरुणीच्या नजरेतून लंडन घरबसल्या दिसू लागले.

पुढे तब्येत बिघडली आणि १९०७ मध्ये अभ्यासक्रम अर्धवट टाकून अतिया परतल्या. ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे शिकण्याचे दिवस, या नावाने त्याच रोजनाम्याचे पुस्तक १९२१ मध्ये आग्र्याहून निघाले. ज्या प्रमाणपत्रासाठी समुद्र ओलांडला, ते हाती आले नाही. रोज लिहिलेली चार पाने मात्र आजही वाचली जातात.