उसाच्या चिपाडांतील शक्ति

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्यांच्या कांठची जमीन, तेथील पाणी आणि गुळव्याचा हात या तिहींना त्या कीर्तीचें श्रेय देण्याची चाल आहे. श्रीशाहूछत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसवून या व्यापारास हक्काची जागा करून दिली, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही लाभलें. परंतु ज्याच्यावांचून रसाचा गूळ होणेंच शक्य नाहीं, त्या चौथ्या भागीदाराचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. तो भागीदार म्हणजे उसाचें चिपाड.

चरकांतून रस निघाल्यावर मागें जो चोथा उरतो तें चिपाड. तें उन्हांत वाळवावें, चुलवाणांत घालावें आणि त्याच्या जाळावर रसाची काहील उकळावी, हा गुऱ्हाळाचा जुना परिपाठ. उसाचा रस उसानेंच आटवावयाचा! दगडी कोळशावांचून उद्योग कसे चालवावे या चिंतेंत आज सारें जग असतां, कोल्हापूरचा हा धंदा मात्र पिढ्यान् पिढ्या चिपाडावर चालत आला आहे. यांत मर्म कोणतें आणि उणें कोणतें, तें पाहण्यासारखें आहे.

चिपाड जळतांनाही कर्बवायु, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, बाहेर पडतो. मग कोळशांत आणि त्यांत भेद काय? भेद आहे तो काळाचा. ऊस वाढतांना हवेंतील कर्बवायु शोषून घेतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्याची साखर व तंतु बनवितो. बारा ते अठरा महिन्यांत हवेंतून घेतलेला कर्ब चुलवाणांतून पुन्हां हवेंत जातो, आणि पुढील पीक तो परत शोषून घेतें. दगडी कोळशांतील कर्ब कोट्यवधि वर्षें भूमीच्या पोटांत पडून होता. तो एकदां बाहेर पडला कीं तितक्याच त्वरेनें त्याला परत घेणारें कांहीं नाहीं. असा वायु वातावरणांत सांचत जातो आणि पृथ्वीचें तपमान चढतें. उसाची लागवडही अगदीं निर्दोष नव्हे. पंप, रासायनिक खतें आणि वाहतूक यांस इंधन लागतेंच. तरीही चिपाडाचा हिशेब कोळशाहून पुष्कळ हलका आहे.

आतां उष्णतेचा जमाखर्च मांडून पाहूं. १०० किलो उसापासून साधा चरक सुमारें ६० किलो रस काढतो. त्याचा गूळ उतरतो १० ते १२ किलो. म्हणजे सुमारें ४८ किलो पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाणी उकळीपर्यंत तापविण्यास सुमारें ७५ किलोकॅलरी पुरतात. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० लागतात. स्वयंपाकघरांतही हाच नियम चालतो. उघड्या पातेल्यांतील डाळीला उकळी आल्यावर आंच मोठी ठेविली, तर डाळ लौकर शिजत नाहीं. वाफ तेवढी अधिक जाते. या मानानें ६० किलो रसाला एकंदर सुमारें ३० हजार किलोकॅलरी उष्णता हवी. इकडे त्याच उसाचें चिपाड चांगलें वाळल्यावर २० किलोंच्या आसपास भरतें, आणि किलोमागें साडेतीन हजार धरले तरी त्यांत ७० हजार किलोकॅलरी असतात. निम्म्याहून अधिक चिपाड शिल्लक पडावयास हवें. प्रत्यक्षांत जुन्या चुलवाणांत तें सगळें संपतें, आणि पुष्कळदां वरून लाकूड आणावें लागतें.

मग ही उष्णता जाते कोठें? बरीचशी तप्त धुराबरोबर धुरांड्यावाटे निघून जाते. कांहीं भिंतींत व जमिनींत मुरते. कांहीं ओलसर चिपाडांतील पाणी आटविण्यांत खर्च होते. चुलवाणांत हवा गरजेहून अधिक शिरली तर ती तापविण्यांत इंधन जातें. कमी पडली तर चिपाड अर्धवट जळून काळा धूर होतो. उपाय कठीण नाहींत. धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवून कच्चा रस आधींच तापवावा. चिपाड लोखंडी जाळीवर जाळून हवा खालून द्यावी. धुरांड्यास झडप बसवावी. लाकडासाठीं गुऱ्हाळमालकाला रोख पैसे मोजावे लागतात, आणि गुळाच्या सौद्यांत तो खर्च कोणी विचारीत नाहीं. गुऱ्हाळांची संख्या घटत चालली आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु चुलवाणांतील नासाडी हें मालकाच्या हातांतलें कारण आहे.

साखर कारखान्यांनीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथें जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या मिश्रवंशीय संशोधकानें १८४३ सालीं एका युक्तीचें पेटंट मिळविलें. दाब कमी केला कीं पाणी कमी तपमानावर उकळतें. तेव्हां पहिल्या भांड्यांतील रसाची वाफ वाया न घालवितां तिनेंच दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्यांतील रस उकळावा, आणि दुसऱ्याच्या वाफेनें तिसऱ्यांतील. गुऱ्हाळांत आकाशांत जाणारी वाफ येथें पुन्हां पुन्हां कामास लागते.

तरीही बराच काळ कारखाने उष्णतेविषयीं बेफिकीरच होते. चिपाडाचे ढीग ही त्यांना अडगळ वाटे. म्हणून तें कसेंही जाळून संपविणें हेंच सोयीचें होतें. शिल्लक वीज सार्वजनिक जाळ्यास विकतां येऊं लागली, तेव्हां हें चित्र पालटलें. आतां ६० किंवा त्याहून अधिक पट वातावरणीय दाबाच्या बॉयलरांतील वाफ आधीं टर्बाइन फिरविते आणि मग रस उकळते. एकाच जाळाचीं दोन कामें होतात. अशा रीतीनें टनभर उसामागें १०० युनिटांच्या आसपास वीज निघूं शकते, आणि कारखान्याची गरज भागून मोठा भाग उरतो. हुपरीचा जवाहर, शिरोळचा दत्त, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा अशा कोल्हापूर जिल्ह्यांतील सहकारी कारखान्यांनीं हे सहवीजनिर्मितीचे प्रकल्प उभारले आहेत. काटकसरीला किंमत मिळाली तेव्हांच ती रुजली, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या मार्गाला मर्यादाही आहे, आणि ती मॉरिशस बेटावर स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकापासून मराठी घराणीं जेथें नांदत आहेत, त्या बेटावर चिपाडाची वीज अनेक दशकें घरोघर पोंचली आहे. परंतु उसाचा हंगाम संपला कीं तेथील याच वीजघरांत आयात केलेला दगडी कोळसा जाळण्याची प्रथा पडली. कोल्हापुरासही ऊस बारमाही नाहीं; हंगाम हिंवाळ्याच्या आगेंमागें असतो. उरलेल्या महिन्यांसाठीं पावसाळ्यांत धरणांत सांठविलेलें पाणी आणि उन्हाळ्यांतील सूर्यप्रकाश यांची जोड हवी. कोयनेचें धरण जवळच आहे, आणि उन्हाची तर वाण नाहीं.

जुनें इंधन सोडून नवें धरणें हें मोठें काम आहे. त्यास भांडवल लागतें, कायदे लागतात आणि वर्षें लागतात. परंतु आहे त्या जाळांतील उष्णता वाया जाऊं न देणें, हें काम त्याच्या आधींचें आहे. त्याचा आरंभ पुढच्या हंगामाच्या पहिल्याच काहिलीपासून करतां येण्यासारखा आहे.