शिक्षा : पित्याची आणि देवाची

संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणे. मराठीत मात्र त्या शब्दास दंडाचा अर्थ चिकटला. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात ‘पैदेइया’ हा जो ग्रीक शब्द येतो, त्यात हे दोन्ही अर्थ नांदतात; त्याचे मूळ ‘मूल’ या शब्दात आहे. बाप थोडे दिवस, आपल्या समजुतीप्रमाणे शासन करितो, असे पत्रकार म्हणतो. त्या समजुतीत कित्येकदा दिवसभराचा संताप मिसळलेला असतो, हे कोणता बाप नाकारील? देवाच्या शासनाचा हेतु मुलास आपल्या पावित्र्याचा वाटेकरी करणे हा होय. परंतु ज्याच्या घरावर नुकतेच दुःख कोसळले, त्यास ‘हे तुझ्या पापाचे फळ’ असे सुनावण्याचा अधिकार या अध्यायाने कोणासही दिलेला नाही. ते पत्र छळ सोसणाऱ्यांस लिहिलेले होते. आणि ईयोबास तसे सुनावणाऱ्या मित्रांवरच देवाचा कोप झाला.