निविदेतला वाटा आणि वर्गवारीचे कुंपण

बेंगळुरू : २१ मार्च २०२५ रोजी कर्नाटक विधानसभेत गदारोळातच एक विधेयक संमत झाले. सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेच्या १९९९च्या कायद्यातील ही दुरुस्ती. तिने मुस्लिमांच्या '२ ब' वर्गाला सरकारी कंत्राटांत ४ टक्के वाटा देऊ केला आणि आरक्षित कामांची मर्यादा एक कोटीवरून दोन कोटींवर नेली. भाजपने त्यास धर्माधारित आरक्षण म्हटले. काँग्रेसने मागासलेपणाचा निकष पुढे केला. एप्रिलमध्ये राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले.

गदारोळ चार टक्क्यांचा झाला. मूळ रचना मात्र जुनी आहे. सिद्धरामय्यांच्या पहिल्या कारकिर्दीत ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के वाटा ठरला. पुढे 'वर्ग १'ला ४ आणि '२ अ'ला १५ टक्के मिळाले. नवे चार धरून बेरीज ४७.१ होते, म्हणजे पन्नाशीच्या आतच.

नोकरीतील वाट्याचा विचार शाहू महाराजांनी १९०२मध्येच कोल्हापुरात अमलात आणला. कंत्राटांतील वाट्याला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेने १९७८मध्ये त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे २००२च्या भोपाळ दस्तऐवजाने ती चर्चा सुरू केली. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणातही अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्के आहेत.

येथील मराठी माणूस यात कोठे बसतो? कर्नाटकातील मराठा समाज '३ ब' वर्गात मोडतो आणि या वर्गाला कंत्राटांत वाटा नाही. '२ अ'मध्ये समावेशाची त्याची मागणी जुनी आहे. २०२०मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा विकास मंडळ व ५० कोटींची घोषणा केली. मंडळ मिळाले, वर्ग बदलला नाही. महाराष्ट्रातून स्थलांतरित झालेल्या दलित उद्योजकाची अडचण आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९०च्या निकालानुसार मूळ राज्यातील अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. पुण्याचा दाखला बेंगळुरूच्या निविदेत चालत नाही, तो असा.

ज्यांना वाटा मिळाला त्यांचेही भागतेच असे नाही. लहान कामे एकत्र करून निविदा मर्यादेबाहेर नेली की आरक्षण कागदावरच उरते. नाव एकाचे, यंत्रे दुसऱ्याची, हा धोकाही आहेच. देयक रखडले तर मोठा ठेकेदार तग धरतो, लहान कर्जात बुडतो. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात म्हणूनच कायद्याइतकेच वजन आहे. टक्केवारी विधानसौधात ठरते. तिचा अर्थ विभागीय कार्यालयातील टेबलावर ठरतो.