शास्त्राचे गांभीर्य आणि हसण्याची जागा : ‘समाजस्वास्थ्य’च्या निमित्ताने

कामजीवनाचा शास्त्रीय अभ्यास हा विषय निघाला की श्रोतृवर्गात हसू उमटते, हा अध्यापनक्षेत्रातील कोणाचाही अनुभव असेल. हे हसू संकोचातून आलेले असते असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु तौलनिक साहित्याभ्यासकाने येथे थोडे थांबावे असे मला वाटते. कोण हसतो, कोणाला हसतो आणि कोणत्या भाषिक स्तरावरून हसतो, हे प्रश्न वाङ्मयीन आहेत. मराठीपुरते बोलायचे तर त्यांची चर्चा रघुनाथ धोंडो कर्वे (1882–1953) यांना वगळून करता येत नाही.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, 1923 मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक लिहिले आणि या कार्यापायीच 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले व ते मृत्यूपर्यंत चालवले. हा तपशील सर्वपरिचित आहे. य. दि. फडके यांचे चरित्र, अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (2001) हा चित्रपट आणि अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ (2017) हे नाटक यांनी त्यांची लढवय्या, एकाकी प्रतिमा दृढ केली. या प्रतिमेत एक गोष्ट मात्र मागे पडली : कर्वे हे अत्यंत तिरकस विनोदबुद्धीचे लेखक होते.

त्यांच्या विनोदाची जात मराठीतील तत्कालीन विनोदापेक्षा वेगळी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी रूढीचे समर्थन करण्याचा आव आणतात आणि त्या समर्थनातूनच रूढी हास्यास्पद ठरते. वक्रोक्तीची ही रीत पुढे दीर्घकाळ चालली. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या घरी मुलेबाळे आहेत, पाळणा आहे, दुखणीबाणी आहेत. पण ही मुले येतात कोठून, याचा उच्चार त्या घरात होत नाही. मराठी मध्यमवर्गीय विनोदाने कौटुंबिक जीवन संपूर्ण व्यापले आणि शयनगृहाचा दरवाजा तेवढा लोटून घेतला. (तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून हे सांगतो.) लावणी आणि तमाशातील वग यांनी तो दरवाजा कधीच लावला नव्हता, परंतु तो विनोद ‘आपला’ नाही असे मानण्याची सोय सुशिक्षितांनी करून ठेवली होती.

कर्वे या दोन्ही परंपरांत बसत नाहीत. ते आव आणत नाहीत आणि सूचकतेचा आश्रयही घेत नाहीत. त्यांचे साधन आहे सरळ विधान. ब्रह्मचर्याच्या महतीवर कोणी लांबलचक लेख लिहावा आणि कर्व्यांनी त्याला पुरावा मागावा, एवढ्यावर काम भागते. गणिताच्या शिक्षकाने फळ्यावरील चुकीच्या पायरीखाली रेघ ओढावी तसा हा विनोद आहे. गांधीजींच्या ब्रह्मचर्यविषयक मतांवर त्यांनी केलेली टीकाही याच पठडीतील. प्रतिपक्षाची प्रतिष्ठा कितीही मोठी असो, सिद्धतेचे ओझे विधान करणाऱ्यावरच, हा नियम ते मोडत नाहीत.

‘शारदेची पत्रे’ या सदरात मात्र वेगळी युक्ती आढळते. ही पत्रे कर्व्यांनीच स्त्रीच्या नावाने लिहिली. मासिकाच्या इतर पानांवर जो संपादक कोरडा, काटेकोर बोलतो तोच येथे गप्पिष्ट होतो. चालू घडामोडी, थोरामोठ्यांची वक्तव्ये, नीतिरक्षकांची धावपळ यांवर शारदा ऐसपैस शेरे मारते. पुरुष लेखकाने स्त्रीचा मुखवटा घेणे आज आपल्याला खटकेल, आणि खटकावेही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या काळात या विषयावर स्त्रीने हसणे हेच अशिष्ट मानले जाई, त्या काळात येथे हसणारी व्यक्ती स्त्री आहे आणि हास्याचा विषय आहे तिला उपदेश करणारा पुरुष. मराठी विनोदातील नेहमीची दिशा येथे उलटी झाली आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रश्नोत्तरांचा. वाचक आपल्या शंका कळवीत आणि कर्वे उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीराचा नाश होतो या समजुतीने कित्येक तरुण त्या काळी भयग्रस्त होते. ती निराधार आहे हे कर्वे निःसंदिग्धपणे सांगत. येथे विनोदाचा तोल कसोटीला लागतो. विचारणारा घाबरलेला असतो. त्याच्यावर हसणे क्रौर्य ठरेल. पण त्याला ज्याने घाबरवले त्या उपदेशकावर हसणे हा उपचाराचाच भाग होऊ शकतो. कर्व्यांचे सारे लेखन या कसोटीला उतरते असे मी म्हणणार नाही. धर्मश्रद्धेवरील त्यांचे टोमणे पुढे पुढे ठरावीक होतात आणि वाचक कंटाळतो. परंतु प्रश्नकर्त्याच्या बाबतीतला त्यांचा कोरडेपणा मला दयाळू वाटतो. भीती घालवायला कित्येकदा सहानुभूतीपेक्षा रुक्ष, एका ओळीचे उत्तर अधिक उपयोगी पडते.

अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यापूर्वी 1931 मध्ये व्यभिचाराविषयीच्या लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तो मान्य झाला नाही. दोनशे रुपये दंड झाला.

या खटल्याला एक भाषिक अंग आहे. मराठीत कामविषयक शब्दसंपदा दोन कप्प्यांत विभागलेली आहे : तत्सम शब्द वापरला की शास्त्र, देशी शब्द वापरला की शिवी. मधला, रोजच्या वापराचा शब्द जवळजवळ नाही. समागम हा शब्द कोणी स्वयंपाकघरात उच्चारत नाही, आणि जो उच्चारला जातो तो छापता येत नाही. कर्वे तत्सम शब्द वापरतात, पण वाक्यरचना बोलीची ठेवतात. त्यांच्या विनोदाचे बरेचसे मर्म या विसंगतीत आहे. इंग्रजीतून चालणाऱ्या न्यायालयात हे मर्म पोहोचणे अवघडच होते. स्वर हरवला की मजकूर उघडा पडतो.

शास्त्राची भाषा आणि विषयाचे हलकेपण यांच्या टकरीतून हास्य निर्माण करण्याची युक्ती भारतीय परंपरेला नवी नाही. ‘चतुर्भाणी’ या नावाने 1922 मध्ये प्रकाशित झालेल्या चार संस्कृत भाणांपैकी श्यामिलकाच्या ‘पादताडितक’मध्ये गणिकेने मस्तकावर लाथ मारल्याबद्दल एक गृहस्थ प्रायश्चित्त विचारतो आणि विटांची सभा धर्मशास्त्राच्या थाटात त्याचा खल करते. येथे हसे होते ते परिषदेचे. कर्व्यांच्या बाबतीत पारडे फिरते : त्यांचे शास्त्र खरे आहे, आणि त्यावर निर्णय देऊ पाहणारी सभा तेवढी प्रहसनातली वाटते.

अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांच्या 1948 च्या अहवालानंतर विनोदाचा पूर आला. झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या क्षुद्र गांधीलमाश्यांचा हा अभ्यासक माणसांच्या शय्यांची मोजदाद करतो, याचीच लोकांना गंमत वाटली. तेथे विनोद संशोधकावर झाला आणि त्याच विनोदाच्या वाटेने संशोधन घरोघरी पोहोचले. मुंबईत उलटे घडले. विनोद संशोधनाच्या बाजूने बोलत होता आणि वाचकसंख्या मर्यादितच राहिली.

बेंगळुरूत बसून हे लिहिताना शेजारच्या भाषेतील एक उदाहरण डोळ्यांसमोर येते. ‘राशि’ या नावाने लिहिणारे डॉ. एम. शिवराम हे येथले वैद्यक व्यावसायिक. त्यांनी 1942 मध्ये ‘कोरवंजी’ हे कन्नड विनोदी मासिक सुरू केले, ते 1967 पर्यंत चालले, आर. के. लक्ष्मण यांची सुरुवातीची चित्रे त्यात आली. मानसशास्त्रावरील ‘मनमंथन’ या ग्रंथासाठी राशि यांना साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. विनोद एका हाताने, मनोविज्ञान दुसऱ्या हाताने, अशी ही विभागणी होती. कर्व्यांजवळ दोन्हींसाठी एकच मासिक होते. या फरकाचे कारण केवळ स्वभावात शोधू नये. 1930 मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. म्हणजे मुंबईत ज्या कामापायी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ते येथे पाच वर्षांनी सरकारी धोरण झाले होते. जेथे राज्यसंस्था विषयाला गंभीर मानते तेथे विनोदाला वेगळे, मोकळे अंगण मिळते. जेथे ती खटले भरते तेथे विनोदाला पुराव्याशेजारीच उभे राहावे लागते, आणि आरोपपत्रात दोघांची नावे एकत्र येतात.

किन्सी यांचा स्त्रियांविषयीचा दुसरा खंड सप्टेंबर 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्वे 14 ऑक्टोबरला वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा आहे.