विद्यापीठाच्या धुराचा जमाखर्च

धूर कारखान्याचा आणि ज्ञान विद्यापीठाचे, अशी आपली साधारण समजूत असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातले ड्यूक विद्यापीठ पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही. तेथील इमारतींना ऊब देण्यासाठी वाफ लागते, आणि त्या वाफेसाठी 2011 पर्यंत बॉयलरात कोळसा जळत होता.

2007 साली अमेरिकेतील अनेक कॉलेजांच्या व विद्यापीठांच्या अध्यक्षांनी एक लेखी प्रतिज्ञा केली: आपल्या संस्थेमुळे हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापविणाऱ्या वायूंचा हिशेब मांडायचा आणि तो शून्यावर आणायचा. ड्यूक त्यांत होते. त्याने 2009 साली आराखडा करून 2024 ही मुदत ठरविली.

आता, हवेत गेलेला वायू तोलायचा कसा? त्याला तराजू लागत नाही. इंधनाची बिले लागतात. 12 किलो कार्बन जळला की हवेतला 32 किलो ऑक्सिजन त्याला मिळतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किती इंधन जाळले हे कळले की बाकीचा गुणाकार. मिथेन वायू याहून जहाल. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक टन सुमारे 28 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात.

या वहीत तीन खाती असतात. पहिल्यात आवारात जाळलेले इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात प्राध्यापकांचे विमानप्रवास, नोकरवर्गाचे जाणेयेणे, खरेदीचा माल, कचरा. खरी मेख या तिसऱ्या खात्यात आहे. आमचा जन्म मस्टर तपासण्यात गेला. कंत्राटी कामगार कंपनीच्या मस्टरवर नसतो, पण यंत्र त्याच्याही हातांवर चालते. तिसरे खाते वगळले की विद्यापीठही असेच कागदावर स्वच्छ दिसते.

ड्यूकने कोळसा सोडून नैसर्गिक वायू घेतला. त्याने धूर घटला, संपला नाही. उरलेल्याची भरपाई म्हणून 2011 साली त्याच राज्यातील एका वराहपालन केंद्रावर, वीज कंपनी व गूगल यांच्या साहाय्याने, शेणखड्डा झाकून त्यातला मिथेन धरण्याची व त्यावर वीज करण्याची सोय झाली. अशा भरपाईला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या पैशावाचून हे काम झालेच असते काय? ते मीटरवर मोजता येते काय? ते टिकते काय? जळलेला मिथेन परत येत नाही; लावलेले झाड मात्र वणव्यात जाऊ शकते.

तरीही भरपाई म्हणजे मजुरी न वाढवता वाटलेली बक्षिसी होऊ नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 साली 2025 ची मुदत जाहीर केली होती. 2023 साली त्याने धोरण बदलले: भरपाई विकत घेण्यावरचा भर कमी करून, 2045 पर्यंत स्वतःचाच धूर 2019 च्या मानाने 90 टक्के घटवायचा. आमच्या मते हाच सरळ मार्ग. फक्त बॉयलर विझेल तेव्हा बॉयलरवाल्याच्या पुढच्या कामाची तरतूदही त्याच आराखड्यात हवी.

आपल्या गावची एखादी संस्था उद्या "आम्ही शून्यावर आलो" म्हणेल. तेव्हा टाळ्या वाजविण्यापूर्वी श्रोत्यांनी वही मागावी, आणि ती तिसऱ्या खात्यापासून उघडावी.