फेफऱ्याची औषधे आणि हाडे

अपस्माराचे झटके थांबले की आपण समाधानाने जुनीच चिठ्ठी पुढे चालू ठेवतो. हाडांची चौकशी क्वचितच होते. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधे यकृतातील विकरांना चेतवितात. परिणामी ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन लवकर होते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि कालांतराने हाडे दुबळी होतात. व्हॅल्प्रोएटची तऱ्हा वेगळी, पण तेही अगदीच निर्दोष नव्हे. म्हणून गोळी परस्पर बंद करणे घातक. झटक्यात पडूनही हाड मोडते. इंदूरच्या लख्ख उन्हावरही विसंबू नये, घरात वावरणाऱ्या स्त्रियांना ते लाभते कुठे? अशा जुन्या रुग्णांची ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी मी तपासून घेतो. जिना चढताना मांड्यांत जोर नाही ही तक्रार वयाच्या माथी मारीत नाही.